जर्मनीत वृद्धाश्रमात नोकरी, सात महिन्यांनी स्कार्फ काढायला सांगतायत. कागदावर सही करू का?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचत होते, लिहायची वेळ आज आली. मी मूळची खेडची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं मुंबईत हॉस्पिटलात काम केलं, मग पुण्यात राहून जर्मन भाषेची बी-टू पातळी आणि आता सात महिने झाले श्टुटगार्टहून ट्रेनने तासाभरावर एका वृद्धाश्रमात आहे, इथे फ्लेगेहाइम म्हणतात. आपल्या डिप्लोमाची मान्यता वगैरे सगळं झालंय, पक्की नर्स म्हणूनच कॉन्ट्रॅक्ट आहे, पगार वेळेवर, काम ढीगभर, त्याबद्दल तक्रार नाही.

मी डोक्याला स्कार्फ बांधते. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला तेव्हाही बांधलेला होता, त्यामुळे आम्हाला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या मॅनेजरबाईंनी बसवून सांगितलं की पिना नकोत, लोंबतं टोक नको, रोज ड्युटीला धुतलेला हवा. मला पटलं. तेव्हापासून जर्सीचा बिनपिनेचा बांधते, टोकं युनिफॉर्मच्या आत खोचते, ६० डिग्रीला धुते, सात स्कार्फ आहेत सात दिवसांचे.

मागच्या महिन्यात नवीन मॅनेजर आली. एका आजोबांच्या मुलीने म्हणे तक्रार केली की माझ्या वडलांना हे बघायला लावू नका. (आजोबांना विचाराल तर त्यांना फक्त कॉफी गरम हवी असते.) मग मला ऑफिसात बोलावून एक पानाचा कागद दिला, कॉन्ट्रॅक्टला जोडायचा, की एक तारखेपासून ड्युटीवर कुठलीही मोठी, ठळक दिसणारी धार्मिक खूण चालणार नाही. मी विचारलं की माझ्यासोबतच्या बाईच्या गळ्यात क्रॉस आहे त्याचं काय, तर म्हणाली तो छोटा आहे. आणि पटत नसेल तर कायमची नाइट घे, रात्री कोणी बघत नाही, नाहीतर लाँड्रीत जा. सही शुक्रवारपर्यंत.

खरं सांगते, रडू आलं ते त्या कागदाने नाही. १४ नंबरच्या खोलीत ९१ वर्षांच्या आजी आहेत, डिमेन्शिया आहे, माझं नाव रोज विसरतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक फोटो आहे, बटाट्याच्या शेतात चार पोरी उभ्या, चौघींच्या डोक्याला रुमाल बांधलेला, त्यातली एक या. रोज सकाळी मी त्यांचे मोजे चढवायला खाली वाकले की त्या हात पुढे करून माझा स्कार्फ कपाळावर थोडा पुढे ओढतात आणि म्हणतात वारा लागेल गं, नीट बांध. त्या दिवशी ऑफिसातून आले आणि त्यांनी तेच केलं.

तर प्रश्न असा की त्यांना हे करता येतं का, सही नाही केली तर काढतील का, आणि काढलं तर व्हिसाचं काय होतं? घरी अजून कोणाला सांगितलं नाहीये. अब्बांनी कर्ज काढलंय माझ्या कोर्ससाठी.

नेकारकाठचा

ताई, आधी एक गोष्ट. शुक्रवारी सही करायची नाही. बाकी सगळं नंतर. "वाचायला वेळ हवाय, वकिलाला दाखवते" एवढं म्हणा आणि कागद घेऊन या. आणि त्यांनी दुसरा एखादा कागद पुढे केला ज्याच्या डोक्यावर आउफहेबुंग्सफरट्राग लिहिलंय, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवण्याचा करार, तर त्याला हातसुद्धा लावू नका, त्यावर सही केली की पुढे भांडायला जवळपास काही उरत नाही.

मी इथे १४ वर्षं आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, आणि बेट्रीब्सराटवर म्हणजे कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळावर दुसरी टर्म चालू आहे. वकील नाही, पण असल्या फायली हातातून गेल्यात.

आता पहिला प्रश्न, आणि यावरच निम्मं अवलंबून आहे. तुमचा आश्रम चालवतं कोण? पगाराच्या स्लिपवर वर बघा. कारिटास किंवा डियाकोनी असेल तर ते चर्चचे आणि त्यांचं गणित वेगळं. २०१४ मध्ये बोखुमच्या एका प्रोटेस्टंट हॉस्पिटलातल्या नर्सच्या केसमध्ये इथल्या सर्वोच्च कामगार कोर्टाने म्हटलंय की चर्चच्या संस्थेत काम करताना हेडस्कार्फ साधारणपणे चालणार नाही. २०१८ पासून युरोपच्या कोर्टाने चर्चच्या मालकांनाही जरा लगाम घातलाय, पण तरी ती लढाई चढाची.

खाजगी जीएमबीएच, म्हणजे आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी असेल तर मात्र तुमची बाजू बरीच जड आहे. तुम्ही लिहिलंय की कागदात "मोठी, ठळक" असे शब्द आहेत. मॅनेजरबाईंना वाटत असेल फार हुशारीने लिहिलं, पण नेमका हाच शब्द म्युलर नावाच्या ड्रगस्टोअर चेनला नडला. त्यांच्याकडे एक बाई २००२ पासून कॅशवर होती, बाळंतपणाच्या रजेवरून २०१४ ला परत आली ती स्कार्फ बांधून, कंपनी म्हणाली मोठ्या, ठळक खुणा काढा. प्रकरण लक्झेमबर्गला युरोपच्या कोर्टात गेलं, निकाल १५ जुलै २०२१. कोर्टाचं म्हणणं असं की नुसत्या मोठ्या खुणांवर बंदी घातली तर ती न्यूट्रल राहतच नाही, कारण क्रॉस छोटा करता येतो, स्कार्फ छोटा कसा करणार? तो थेट भेदभाव ठरू शकतो. आणि बंदी सगळ्यांना सारखी लावली तरी मालकाला दाखवावं लागतं की खरोखर गरज होती, नाहीतर अमुक तमुक नुकसान होणार होतं. नुसतं "आमचं धोरण आहे" चालत नाही.

त्याच्याही आधीची आमची लाडकी केस म्हणजे हेस राज्यातल्या एका छोट्या गावातल्या डिपार्टमेंट स्टोअरची, परफ्युमच्या काउंटरवरची बाई. मालक म्हणाला गिऱ्हाइकं पळतील. २००२ मध्ये कामगार कोर्टाने विचारलं, किती पळाली ते दाखव. दाखवता आलं नाही. नोकरीवरून काढणं रद्द झालं आणि पुढच्या वर्षी घटना कोर्टानेही तेच कायम ठेवलं. तुमच्याकडे तर एका आजोबांची एक मुलगी आहे फक्त.

अजून एक, ड्रेसकोड हा विषय बेट्रीब्सराटच्या संमतीशिवाय मालकाला एकट्याने लादता येत नाही. तुमच्याकडे असं मंडळ आहे का ते शोधा, कधीकधी हेड ऑफिसला असतं आणि लांबच्या ब्रँचमधल्या लोकांना पत्ताच नसतो. (चर्चच्या संस्थेत त्याला वेगळं मंडळ असतं, म्हणून परत तोच प्रश्न, स्लिपवर काय आहे.)

स्पष्टवक्ता_७२

कोणाला राग येईल पण लिहितो. देश तसा वेश. आपण त्यांच्याकडे पोटासाठी गेलोय, ते आपल्याकडे नाही आले. डोक्यावरचं फडकं आठ तास बाजूला ठेवलं तर श्रद्धा कमी होते का? उद्या मी म्हणेन मला धोतर नेसून लेथवर काम करायचंय. आणि नर्सिंग आहे, हायजीन नावाची गोष्ट असते.

सिस्टर_अनु

काका, हायजीनचं मला बोलू द्या, कारण मी गेली ११ वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, वॉर्डवर आहे, मूळ सोलापूर.

इथे कोपराच्या खाली काही नाही असा नियम आहे. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, खड्याची अंगठी नाही, साधं वळं तेवढं चालतं. मी पहिल्या दिवशी हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि मंगळसूत्र घरी देव्हाऱ्यात ठेवलं, सासूबाई सहा महिने फोनवर नीट बोलल्या नाहीत. पण मला अन्याय झाला असं वाटलं नाही, कारण नियम सगळ्यांना आहे, डॉक्टरला आहे, आणि कारण डोळ्यांना दिसतं, हात धुताना मनगटापर्यंत साबण पोचला पाहिजे. जर्मनीतही हातावरच्या दागिन्यांचं असंच आहे. खाडीकाठचीनेही पिना काढल्याच की, कोणी सांगितल्यावर लगेच. आता तुम्ही मला सांगा धुतलेला, आत खोचलेला जर्सी स्कार्फ आणि माझ्या बाजूच्या पोरीची मोकळी सुटलेली पोनीटेल यात घाण कशाने जास्त पसरते.

दोन केसेस आठवतात, दोन्ही ख्रिश्चन बायकांच्या, दोन्हींचा निकाल स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार कोर्टाने एकाच दिवशी दिला, १५ जानेवारी २०१३. एक ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इनवरची, तिला गळ्यातला छोटा क्रॉस झाकायला सांगितलं होतं, ती जिंकली, कारण कंपनीला फक्त आपली इमेज जपायची होती. दुसरी एक्झेटरची नर्स, तिलाही क्रॉसच घालायचा होता, ती हरली, कारण पेशंटने साखळी ओढली किंवा जखमेला लागली तर काय, हे कारण खरं होतं. धर्म एकच, क्रॉस तोच, नुसतं कारण बदललं तर निकाल फिरला. आणि इथे मॅनेजर स्वतः म्हणतेय की रात्री बांध, चालेल! रात्री जंतू झोपतात का हो?

डर्बीच्या रॉयल हॉस्पिटलने २०१९ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी निर्जंतुक, वापरून टाकायचे हिजाब आणले, कल्पना तिथल्याच एका ज्युनियर डॉक्टर मुलीची, तोपर्यंत ती दिवसभराचा स्कार्फ घालून आत जायची आणि बाहेर काढलं जायचं. मनात असलं की थिएटरमध्ये मार्ग निघतो आणि यांना डायनिंग हॉलमध्ये निघत नाही.

आणि देश तसा वेश म्हणत असाल तर त्या आजींच्या फोटोत कुठला वेश आहे ते वर जाऊन परत वाचा.

ब्रसेल्सकर

वातावरण जरा फारच आशादायी झालंय म्हणून दुसरी बाजू टाकतो, म्हणजे ताई गाफील राहायला नकोत.

बेल्जियममध्ये जीफोरएस कंपनीच्या रिसेप्शनिस्टची केस झाली. तीन वर्षं नोकरी केल्यावर २००६ मध्ये ती म्हणाली की आता मी स्कार्फ बांधणार. कंपनीत तोपर्यंत नियम तोंडीच होता. मग तो लेखी केला, कामगारांच्या मंडळानेही मंजूर केला, लागू व्हायचा होता १३ जूनला आणि बाईला काढलं १२ जूनला! एक दिवस आधी. तरी २०१७ मध्ये युरोपच्या कोर्टाने म्हटलं की सगळ्या धर्मांच्या, विचारांच्या खुणांवर सरसकट बंदी असेल तर तो थेट भेदभाव नाही. फक्त बंदी खरोखर सगळ्यांना लावताय का, आणि गिऱ्हाइकासमोर नसलेलं दुसरं काम देता आलं असतं का, हे बघा म्हणाले. मला स्वतःला तो निकाल अजून पचलेला नाही, पण आहे तो आहे. २०२३ मध्ये तर सरकारी ऑफिसांना आत बसून काम करणाऱ्यांनाही बंदी घालायची मोकळीक दिली, तीही इथल्याच आन्स नावाच्या एका नगरपालिकेच्या केसमध्ये.

त्याच दिवशी २०१७ मध्ये फ्रान्सच्या बाईची दुसरी केस होती, सॉफ्टवेअर इंजिनियर, क्लायंटने सांगितलं पुढच्या वेळी स्कार्फशिवाय पाठवा, कंपनीने तिलाच काढलं. तिथे मात्र कोर्ट स्पष्ट म्हणालं की क्लायंटची नापसंती हे कामाची गरज म्हणून चालणार नाही. हा तुमच्या आजोबांच्या मुलीचा मुद्दा.

थोडक्यात ताई तुमचा धोका असा आहे की हे लोक उद्या वकिलाला विचारतील, तो सांगेल "मोठी" शब्द काढा आणि क्रॉससकट सगळं बंद करा. मग केस म्युलरची राहणार नाही. म्हणून आत्ताचा कागद, त्यावरची तारीख, फोटो काढून ठेवा. आणि नाइट-लाँड्रीची ऑफर ईमेलवर लिहून मागा.

स्पष्टवक्ता_७२

म्हणजे कोर्ट स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलतं, मग मी काय वेगळं बोललो. आणि आपल्याकडे चेंबूरच्या कॉलेजात हिजाबबंदी झालीच ना, तेव्हा हायकोर्टाने कॉलेजचं ऐकलं.

ब्रसेल्सकर

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली, तेही सांगा की. पण ते कॉलेज आहे. खाजगी नोकरीत धर्मावरून भेदभाव केला म्हणून सरळ मालकाला कोर्टात खेचता येईल असा एकच सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीच, त्यामुळे ही तुलना तुम्हाला सोयीची नाही. बाईंचा प्रश्न जर्मनीचा आहे, धागा भरकटवू नका.

पनवेलची_शेख

मी म्युनिकला आयटीत आहे. मी स्वतः स्कार्फ बांधत नाही, कधीच नाही, आमच्या घरात आम्मी बांधते आणि आम्ही तिघी बहिणी नाही. त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकायला मिळतं, इथले म्हणतात तू मॉडर्न आहेस, तिकडचे म्हणतात तू सुटलीस. दोघांनाही एकच उत्तर, माझं डोकं.

पण एक सांगते. इथे बायोडेटाला फोटो चिकटवायची पद्धत अजून आहे. त्यावर एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग केला होता, २०१६ मध्ये पेपर आला. जर्मनीभर जवळजवळ १,५०० अर्ज पाठवले, शिक्षण तेच, अनुभव तोच, फोटोतली मुलगीही तीच. नाव सांड्रा बाउअर लिहिलं तर १८.८ टक्के ठिकाणांहून इंटरव्ह्यूला बोलावणं. नाव मेरियम ओझतुर्क लिहिलं, डोकं मोकळं, तर १३.५ टक्के. तेच तुर्की नाव आणि फोटोत स्कार्फ, तर ४.२ टक्के. आणि स्कार्फसुद्धा आधुनिक पद्धतीने बांधलेला होता.

मी हे घाबरवायला नाही लिहीत. मला वाटायचं नाव बदललं की झालं, किंवा भाषा सुधारली की झालं. नाही होत. पण नर्सिंगमध्ये आकडे तुझ्या बाजूने आहेत, यांना माणसंच मिळत नाहीयेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तुझ्याच राज्याशी, बाडेन-वुर्टेमबर्गशी, १०,००० कुशल लोक पाठवायचा करार केला तो काय उगाच? (माहितीपत्रकात स्कार्फबद्दल एक ओळ नाही हा भाग वेगळा.) दुसरी नोकरी मिळेल. सोडून जा असं म्हणत नाहीये, फक्त रात्री झोप लागावी म्हणून सांगतेय.

आणि अब्बांना सांग. आपले वडील आपल्याला वाटतात त्यापेक्षा खमके असतात.

नेकारकाठचा

व्हिसाचं राहिलं होतं. नोकरी मुदतीआधी संपली तर तुम्ही स्वतः दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसला कळवायचं. याने व्हिसा त्या क्षणी संपत नाही, दुसरी नोकरी शोधायला सहसा मुदत देतात, आणि तुमच्या पेशात ती मिळते. लपवलं तर मात्र अडचण.

तुम्हाला सात महिने झालेत हे फार चांगलं आहे. सहा महिन्यांनंतर, आणि दहापेक्षा जास्त लोक असतील तर, नोकरीचं संरक्षण लागू होतं, उगाच काढता येत नाही. काढलंच तर ते कागदावर, खऱ्या पेनाच्या सहीने द्यावं लागतं, ईमेल किंवा व्हॉट्सअपवरचं चालत नाही. आणि कागद हातात पडल्यापासून तीन आठवडे, फक्त तीन, कामगार कोर्टात जायला. भेदभावाची भरपाई मागायची तर मालकाला दोन महिन्यांत लेखी कळवायचं. या दोन तारखा फ्रिजवर लावा. लोकांचं बरोबर असतं आणि तारीख चुकते, असं मी दोनदा बघितलंय, त्यातला एक माझ्याच शिफ्टचा पोरगा होता.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या पायरीवर जिंका किंवा हरा, आपापल्या वकिलाचा खर्च आपापल्याला, हा इथला विचित्र नियम आहे. फेर्डी युनियनची मेंबर असाल तर त्यांचा वकील मिळतो. नसाल तर आधी केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाला फोन करा, सल्ला फुकट.

आणि एक गंमत, तुम्ही ज्या राज्यात आहात तिथूनच इथला सगळा स्कार्फवाद सुरू झाला. १९९८ मध्ये फेरेश्ता लुडिन नावाच्या शिक्षिकेला श्टुटगार्टच्या शाळाखात्याने स्कार्फमुळे नोकरी नाकारली, पाच वर्षं भांडून ती घटना कोर्टात पोचली, कोर्ट म्हणालं बंदीला कायदाच नाही तुमच्याकडे, तर राज्याने पुढच्या वर्षी कायदाच करून टाकला! मग २०१५ मध्ये दुसऱ्या दोघींच्या केसमध्ये त्याच कोर्टाने म्हटलं की सरसकट बंदी चालणार नाही. ते सरकारी शाळांचं आहे, तुम्हाला थेट लागू नाही, पण तुमच्या मॅनेजरबाई तेव्हा शाळेत असतील, कानावर गेलंच असेल.

खाडीकाठची

सगळ्यांचे खूप आभार, काकांचेसुद्धा, खरंच, कारण तुमचाच प्रश्न मॅनेजरने शब्दाला शब्द विचारला आणि माझं उत्तर तयार होतं.

स्लिप बघितली. चर्च नाही, जीएमबीएच आहे, हेड ऑफिस दुसऱ्या गावात. तिथे बेट्रीब्सराट आहे! फोन केला तर पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारलं की कुठला कागद, आम्ही असा काही कागद मंजूर केलेला नाही. फोटो पाठवलाय. त्या म्हणाल्या तोपर्यंत सही नको आणि स्कार्फही बदलू नको, गुरुवारी त्यांची मीटिंग आहे.

शुक्रवारी मी सही केली नाही. मॅनेजर म्हणाली तू प्रकरण वाढवतेयस. मी म्हटलं मला फक्त लेखी हवंय, नाइटचं पण लिहून द्या. त्यावर काही बोलली नाही, अजून ईमेल आलेला नाही. एक विचित्र झालं, जिच्या गळ्यात क्रॉस आहे ती बाई लॉकरजवळ येऊन म्हणाली, तुझ्यामुळे मला पण काढायला लावतील का? मला कळेना हसू का रडू. ती चांगली आहे, माझा पहिला बर्फ पडला तेव्हा हिनेच बूट दिले होते. ब्रसेल्सकर म्हणतायत ते हेच ना.

घरी सांगितलं. अब्बा म्हणाले हप्त्याचं मी बघतो, तू नीट जेवतेस का.

आता एवढंच राहिलंय, बेट्रीब्सराटला जर्मनमध्ये एक पानाचं निवेदन द्यायचंय, तारीखवार. मी लिहिलंय पण आर्टिकलची माझी बोंब आहे, डेर-डी-डास. कोणी बघून देईल का?

नेकारकाठचा

पाठवा. आज सेकंड शिफ्ट आहे, दहानंतर बघतो. आजींचा भाग निवेदनात घालू नका पण आजोबांच्या कॉफीचा घाला, की तुम्ही ती रोज देता आणि त्यांनी स्वतः कधी तक्रार केलेली नाही.